पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि लेखणी उचलली : गोपाळबाबा वलंगकर

प्राचीन रोमच्या फौजेत एक सोय होती. जिंकलेल्या प्रांतातला माणूस मदतनीस पलटणीत भरती व्हायचा, 25 वर्षं झिजायचा आणि मग रोमचा नागरिक व्हायचा. पुरावा म्हणून काशाचा कोरीव पत्रा मिळायचा. प्रांतातल्या शिपायाचं घरदार त्याने वर यायचं.

आपल्याकडे इंग्रजांच्या फौजेतही असेच स्थानिक शिपाई होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली महार सैनिकांची नावं आजही वाचता येतात. पण काशाचा पत्रा त्यांना काही मिळाला नाही. मग मिळालं काय?

ते समजून घ्यायचं तर गोपाळबाबा वलंगकर माहीत हवेत.

महाडजवळचं रावढळ हे त्यांचं गाव. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जायची बंदी, त्यातल्या माणसाला पलटणीत गणवेश मिळाला, ठरलेला पगार मिळाला, म्हातारपणी पेन्शन मिळाली. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लिहिणं-वाचणं. पलटणीच्या शाळांनी ते दिलं.

1886 साली निवृत्त होऊन गोपाळबाबा दापोलीत राहिले. तिथं महार पेन्शनरांची बरीच घरं होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही पुढे तिथं राहिले. गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव होता. ते वर्तमानपत्रांत लिहू लागले. 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून त्यांनी अस्पृश्यतेला आधार काय, असा जाब धर्माच्या ठेकेदारांना विचारला. सोबत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्थाही उभी केली.

अशातच सरकारने डाव उलटवला. अमुक जाती लढवय्या, तमुक नाहीत, असं ठरवून 1890 नंतर महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जोरावर राज्य जिंकलं, तेच नकोसे झाले! नोकरी गेली ती गेलीच, पोरांची शाळाही गेली. गोपाळबाबांनी 1894 मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला. आपले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे लढवय्ये आहेत, हा त्यातला मुद्दा. उपयोग झाला नाही.

1895 साली सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं. शेजारी बसायला उच्चवर्णीय सभासद तयार नव्हते. गोपाळबाबा 1900 साली वारले.

1910 मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट लंडनपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांना घेतलं, युद्ध संपल्यावर घरी पाठवलं. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, दुसरं महायुद्ध पेटल्यावर.