भाषणातून राहून गेलेल्या आनंदीबाई

स्मरणिकेसाठी परदेशातले अनुभव लिही, असा आपल्या ग्रुपवरून आग्रह झाला. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बाहेर राहिले, हे खरं. पण लिहायला बसले आणि आठवलं ते सातवीतलं वक्तृत्व स्पर्धेतलं माझं भाषण. विषय होता डॉ. आनंदीबाई जोशी. बाईंनी लिहून दिलेलं भाषण मी घडाघडा म्हटलं आणि दुसरा नंबर मिळवला. त्यात एक वाक्य होतं, की परदेशातल्या सर्व अडचणींवर त्यांनी मात केली. त्या अडचणी कोणत्या, हे मला तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. ते राहिलेलं आज लिहिते.

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेरचं नाव यमुना, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट इतका, की अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमली तर मार बसायचा. एरवी बायका शिकतात म्हणून मार खात, ही शिकत नाही म्हणून. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात राहिलं. डॉक्टर व्हायचं, ते तिथून ठरलं.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं आणि त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई मावशी मानू लागल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपुरात, त्यांनी जाहीर सभेत भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते हे सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत नवरा नाही, माहेरचं कोणी नाही. वय १८.

जून महिन्यात न्यूयॉर्कला कार्पेंटरबाई उतरवून घ्यायला आल्या होत्या. रोझेलचा उन्हाळा सुखाचा गेला. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. डीन रेचल बॉडली यांनी मनापासून मदत केली, शिष्यवृत्तीही मिळाली. मग हिवाळा आला.

आता त्या एका वाक्यात दडलेल्या गोष्टी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणला त्याचं काही नाही, पण फिलाडेल्फियाच्या बर्फात? शेवटी त्यांनी पाचवारी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. आपल्याला ही क्षुल्लक बाब वाटेल. त्यांना नवऱ्याला पत्रातून तिचा खुलासा द्यावा लागला. राहायच्या खोलीतली शेगडी नीट ओढ घेत नसे. पेटवली की खोली धुराने भरायची, विझवली की थंडी. दोन्हींतलं एक निवडायचं आणि पुस्तक उघडायचं. खाणं शाकाहारी, तेही दिवसभराच्या तासांनंतर स्वतः रांधलेलं. तब्येत मुळातच नाजूक होती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा कलकत्त्यापासूनच मागे लागलेले.

बाहेरचे लोक धर्म बदलतेस का म्हणून विचारायचे आणि घरून येणाऱ्या पत्रांत ती बदलली तर नाही ना, हा संशय असायचा. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः तिकडे पोहोचले आणि अमेरिकन समाजावर जाहीर टीका करत फिरले. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांच्यासमोर आनंदीबाईंना काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

१० ऑक्टोबर १८८५ चा कॉलेजातला एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबत इस्लामबूली. तिघी परक्या देशात एकाच कॉलेजात डॉक्टर व्हायला आलेल्या. मला तो फोटो पाहून बरं वाटतं. निदान तिथे तरी साडीचा खुलासा कोणी मागत नसेल.

मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. एकही दिवस ते काम न करता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. २२ पूर्ण व्हायला महिना उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.

मग मात केली म्हणायचं का? पदवी मिळवली, दिलेला शब्दही पाळला. पण त्या थंडीने, धुराने आणि उपासमारीने आपलं काम केलंच असणार, असं मला वाटतं. साडीच्या बाबतीत त्यांनी स्वतःला जेवढी मोकळीक दिली, तेवढी खाण्यापिण्यात आणि विश्रांतीत दिली असती तर? आणि ती मोकळीक घे, असं घरच्या कोणी ठणकावून सांगितलं असतं तर?

हे सगळं आत्ताच का सुचलं, तेही सांगते. माझी मुलगी गेल्या वर्षी शिकायला बाहेर गेली, अठराव्याच वर्षी. फोनवर मी विचारायचे ते परीक्षेचं आणि मार्कांचं. ती मजेत आहे म्हणायची. डिसेंबरात सहज विचारलं, खोलीत हीटर चालतो ना गं? पलीकडे बराच वेळ शांतता होती. तीन आठवडे बंद होता. तक्रार कशी करायची हे कळत नव्हतं आणि घरी सांगितलं तर आई काळजी करेल, म्हणून ती कोट घालून झोपत होती.

बाई, तुम्ही लिहून दिलेलं भाषण अजून पाठ आहे. पुढच्या वर्षी शाळेत कोणी ते म्हणणार असेल, तर त्यात शेगडीचं एक वाक्य घालाल का?