भिंतींपलीकडचा विश्वास

तुरुंगाच्या भिंती गुन्हेगाराला कोंडू शकतात. त्याला माणसात आणणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. हे सत्य रुपेरी पडद्यावर प्रभावीपणे मांडले व्ही. शांताराम यांनी. १९०१ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले शांताराम बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ स्थापन केली, तर १९४२ मध्ये ‘राजकमल’ उभारली.

औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे बीज त्याच प्रयोगात आहे. ग. दि. माडगूळकरांच्या कथेतील जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेतो आणि बेड्यांऐवजी विश्वासाने बांधतो. ही भूमिका शांतारामांनी स्वतः केली. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, तरी चित्रपट पुरा झाला. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९९० मध्ये शांताराम निवर्तले.

त्यांचा जेलर कैद्यांची जबाबदारी स्वतःवर घेतो, हे या कथेचे मर्म होय. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीतील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा याच जबाबदारीचा प्रश्न आपल्या दारी येऊन ठेपला. कोठडीत घेतलेला प्रत्येक जीव ही शासनाकडे सोपविलेली ठेव असते. ती सांभाळता येत नसेल, तर सुधारणेची भाषा व्यर्थ आहे.