जुन्या यंत्रांनाही उत्तर देणारे टपाल

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जॉन पोस्टेल यांचे निधन झाले. वय अवघे ५५. हृदयाची गळणारी झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून सावरत असताना गुंतागुंत झाली. त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल; पण आज सकाळी तुम्ही जी ई-मेल उघडली, ती त्यांनी घालून दिलेल्या नियमांनीच तुमच्यापर्यंत आली. आडनाव पोस्टेल आणि काम टपालाचे, हा निव्वळ योगायोग.

कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे ६ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा जन्म झाला. व्हॅन नाइस येथील ज्या शाळेत ते शिकले, तिथेच व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही होते. हे तिघे पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर, एकत्र काम करू लागले. या जाळ्याचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित टिपणांत लिहिले जात. त्या टिपणांचे संपादन पोस्टेल यांनी १९६९ पासून मरेपर्यंत केले. लांब दाढी, पायात चप्पल, बोलणे मोजके असा हा माणूस होता. कोणता क्रमांक कोणाला दिला याची नोंदही तेच ठेवत.

सुरुवातीला ई-मेलसाठी वेगळी यंत्रणाच नव्हती. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याची जी सोय होती, तिच्यातूनच पत्रेही जात. पुढे अर्पानेटचा जुना नियमसंच बदलून नवा आणायचे ठरले. १ जानेवारी १९८३ ही त्यासाठीची तारीख होती. शेकडो संगणक एका रात्रीत बदलत नाहीत हे पोस्टेल जाणून होते. त्यांनी १९८१ मध्ये लिहिलेल्या आराखड्यात मधल्या काळाची सोय होती: दोन्ही भाषा येणारी काही यंत्रे मध्यस्थ म्हणून ठेवायची, त्यांनी जुन्याकडून पत्र घ्यायचे आणि नव्याला द्यायचे. झडप बदलताना आम्हीही हृदय तेच ठेवतो. नव्या झडपेलाच जुन्या हृदयात बसावे लागते.

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांचा एसएमटीपी हा नियम आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध झाला. तो वाचला तर दोन शहाण्या कारकुनांचे बोलणे ऐकतो आहोत असे वाटते. पाठवणारे यंत्र ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते, मग पत्र कोणाचे, कोणाला, आणि मग मजकूर. एका ओळीत एकटे टिंब आले की मजकूर संपला. समोरचे यंत्र प्रत्येक वेळी तीन आकडी उत्तर देते. २५० म्हणजे ठीक. ५५० म्हणजे ही टपालपेटी उपलब्ध नाही. चारने सुरू होणारे उत्तर म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. सरकारी कार्यालयात खेटे घातलेल्यांना हे शेवटचे उत्तर ओळखीचे वाटेल.

या नियमात इंग्रजी मुळाक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे एवढेच बसत होते. देवनागरी पत्र जाण्याची सोय नव्हती. १९९२ मध्ये ‘माइम’ आले आणि मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेष्टनात बांधून त्याच जुन्या मार्गाने पाठवता येऊ लागला. १९९३ मध्ये वाढीव सोयींसाठी नवा नमस्कार ठरला, ‘एहलो’. नवे यंत्र आधी एहलो म्हणते. समोरच्याला ते कळले नाही, तर मुकाट्याने जुने हेलो म्हणते आणि काम पुढे चालते. स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे घेताना उदार राहा, असे पोस्टेल सांगत आले होते.

या उदारपणाची किंमतही मोजावी लागली. पाठवणारा खरेच तोच आहे का, हे त्या मूळ नियमात कोणी विचारत नव्हते. सगळे एकमेकांना ओळखणारे संशोधक, विचारायचे कशाला? त्याच फटीतून पुढे जाहिरातींचा आणि फसव्या पत्रांचा लोंढा आला. म्हणून आजचे सर्व्हर पासवर्ड मागतात, मजकूर सांकेतिक करायला लावतात.

आणि इथेच आमच्यासारख्यांची अडचण होते. सरकारी रुग्णालयात एखादे तपासणी यंत्र पंधरा-पंधरा वर्षे चालवावे लागते. ते रक्ताचा अहवाल ई-मेलने धाडते, पण त्याला फक्त हेलो येते. नवा सर्व्हर बसला की त्याचे पत्र नाकारले जाते, आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलेल्या रुग्णाचा अहवाल यंत्रातच पडून राहतो. यावर घाईने सर्व्हर सगळ्यांसाठी उघडा ठेवणारेही मी पाहिले आहेत. तो आठवडाभरात जगभरच्या भामट्यांचा टपालनाका होऊ शकतो. खरा उपाय पोस्टेल यांच्या आराखड्यातलाच आहे. रुग्णालयाच्या आतल्या जाळ्यात एक छोटा मध्यस्थ सर्व्हर ठेवायचा. त्याने ठरलेल्या यंत्राच्या पत्त्यावरूनच, आणि ठरलेल्या टपालपेट्यांसाठीच, जुन्या पद्धतीने पत्र घ्यायचे आणि पुढे ते पासवर्डसह, सांकेतिक करून पाठवायचे. रुग्णाचे नाव असलेला कागद उघडा बाहेर जाता कामा नये, हे तर आहेच. खर्च फारसा नाही. कोणीतरी नीट बसून मांडणी करायला हवी, एवढेच.

पोस्टेल गेल्यावर व्हिंट सर्फ यांनी लिहिलेली आठवण त्याच टिपणांच्या मालिकेत, आरएफसी २४६८ म्हणून छापली गेली. एसएमटीपीची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये आली, नंतर २००८ मध्ये आणखी एक. तिच्यातही जुन्या हेलोला उत्तर देणे प्रत्येक सर्व्हरवर बंधनकारक आहे.