जे. आर. डी. टाटा : वक्तशीरपणाचे व्रत आणि हैदराबादची विमाने

भारतीय नागरी हवाई वाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एक इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान स्वतः चालवत त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले.

भांडवल अवघे दोन लाख रुपयांचे होते आणि सरकारी अनुदान नव्हते. टपालाच्या वजनावर मिळणारा मोबदला हेच मुख्य उत्पन्न. त्यामुळे विमान वेळेवर सुटणे आणि वेळेवर पोहोचणे यावरच कंपनीचे अस्तित्व अवलंबून होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवला जाई. पण सेवा खंडित होऊ दिली जात नसे. पुढे या जाळ्यात हैदराबाद आले. १९३५ मध्ये मुंबई–त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली, तेव्हा तिचा एक थांबा पोर्तुगीज अमलाखालील आपला गोवा होता.

१९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून हैदराबादेत ‘डेक्कन एअरवेज’ स्थापन झाली. बेगमपेठ विमानतळ हे तिचे मुख्य ठाणे आणि डाकोटा ही तिची विमाने. स्त्री वैमानिकाला काम देण्यास इतर कंपन्या कचरत असताना याच कंपनीने १९४७ मध्ये प्रेम माथूर यांना संधी दिली आणि त्या देशातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक ठरल्या.

मात्र हा काळ कसोटीचा होता. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकली जात होती आणि सरकार एकामागून एक नव्या कंपन्यांना परवाने देत होते. जे. आर. डीं.नी या धोरणाला उघड विरोध केला. त्यामागे साधे गणित होते. विमान उडो वा न उडो, त्याची देखभाल, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि भांडवलाचा बोजा टळत नाही. विमान दिवसातून अधिक तास आकाशात राहिले आणि त्यातील आसने भरली, तरच हा खर्च भरून निघतो. मूठभर प्रवासी अनेक कंपन्यांत विभागले गेले, तर सर्वांचाच तोटा अटळ. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनेही कंपन्यांची संख्या गरजेपेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्यांचे एकत्रीकरण सुचवले.

सरकारने मात्र राष्ट्रीयीकरणाचा मार्ग निवडला. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या, तर टाटांनी उभारलेली एअर इंडिया इंटरनॅशनल दुसऱ्या महामंडळाकडे गेली. स्वतः वाढवलेली संस्था हातून गेल्याचे शल्य जे. आर. डीं.च्या मनात होते. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. प्रवासात ते खिडक्यांचे पडदे, चहाची चव, स्वच्छतागृह असे सारे बारकाईने न्याहाळत आणि आढळलेल्या उणिवा लिहून अधिकाऱ्यांकडे पाठवत. परदेशी कंपन्यांकडे पैसा आणि विमाने अधिक असतील. सेवेत आणि वक्तशीरपणात मात्र आपण मागे राहता कामा नये, अशी त्यांची धारणा होती.

१९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना या पदावरून दूर केले. चार वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी छोट्या विमानातून कराची–मुंबई हा पहिला प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

बेगमपेठची नियमित प्रवासी वाहतूक २००८ मध्ये शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे आली. तो दिवस पाहण्यास जे. आर. डी. मात्र नव्हते.