कोळ्यांचा यजमान : झाँ-आँरी फाब्र

दक्षिण फ्रान्समध्ये सेरिन्याँ नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाबाहेरील एका घरात बारीक तारेच्या जाळीचे घुमट मांडून ठेवलेले असत. स्वयंपाकघरात अन्नावर माशा बसू नयेत म्हणून जाळीचे झाकण घालतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे झाकणाखाली अन्न नसे, अन्न खाणारा जीव असे. अशाच एका घुमटाखाली पिवळ्या, रुपेरी आणि काळ्या पट्ट्यांची कोळ्याची एक टपोरी मादी राहत होती. रानातून आणलेल्या या पाहुणीची सर्व बडदास्त ठेवली जाई आणि ती अंडी केव्हा घालते हे पाहण्यासाठी ऐंशीच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ भल्या पहाटे तिच्यासमोर येऊन बसत. त्यांचे नाव झाँ-आँरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म 1823 साली सें-लेओं या डोंगराळ खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. बालपणाची काही वर्षे आजी-आजोबांच्या शेतावर, गुराढोरांच्या आणि किड्यामुंग्यांच्या संगतीत गेली. वडिलांचा कोणताच धंदा टिकला नाही. कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिले आणि कोवळ्या वयातच फाब्र यांना जत्रेत लिंबे विकून, रेल्वेमार्गावर मजुरी करून पोट भरावे लागले. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी आव्हिन्याँ येथील शिक्षकांच्या विद्यालयात प्रवेश मिळवला. 1842 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कार्पाँत्रास येथे शिक्षक झाले. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय त्यांनी बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केले.

त्या काळी कीटकांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः मेलेल्या कीटकांचा अभ्यास होता. कीटक पकडावा, टाचणीने पेटीत टोचावा आणि त्याच्या पायांची व पंखांची मोजमापे घेऊन त्याला लॅटिन नाव द्यावे, अशी पद्धत होती. 1854 च्या सुमारास फाब्र यांच्या वाचनात लेओं द्यूफूर या ज्येष्ठ संशोधकाचा एक लेख आला. एका जातीची गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी भुंगे साठवून ठेवते आणि ते भुंगे बराच काळ कुजत नाहीत, असे द्यूफूर यांना आढळले होते. माशीच्या विषात मृत शरीर टिकवून धरणारे काही द्रव्य असावे, असा तर्क त्यांनी केला. फाब्र यांनी ते भुंगे मिळवून जवळ ठेवले आणि दिवसेंदिवस त्यांच्याकडे लक्ष दिले. तेव्हा ते मेलेलेच नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. माशीने मज्जातंतूंच्या केंद्रावर नेमका दंश करून त्यांना लुळे केले होते. जो प्रश्न मृत शरीर पाहून सुटला नव्हता, तो जिवंत प्राण्यापाशी थांबल्याने सुटला. फाब्र यांच्या साऱ्या पुढील कार्याची दिशा येथे ठरली.

दिशा ठरली, परंतु वेळ आणि जागा ही दोन्ही त्यांच्याजवळ नव्हती. आव्हिन्याँच्या शाळेत 1853 पासून पुढे सुमारे सतरा वर्षे ते शिकवत राहिले. वेतन तुटपुंजे होते, घरात मुलेबाळे होती. रिकाम्या वेळी शिकवण्या कराव्या लागत आणि कीटकांसाठी सुट्टीचा एखादा दिवसच काय तो उरे. मंजिष्ठेच्या जातीच्या एका वनस्पतीच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची रीत त्यांनी कित्येक वर्षे खपून शोधली. त्यातून मिळणाऱ्या पैशावर शाळेतून सुटका करून घ्यावी, असा त्यांचा विचार होता. पण त्याच सुमारास जर्मनीत तोच रंग कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला आणि त्यांची आशा मावळली. यानंतरचा आघात अधिक जिव्हारी लागणारा होता. मुलींसाठी चालवलेल्या मोफत व्याख्यानांत त्यांनी फुलांचे फलन कसे होते हे समजावून सांगितले. सनातनी मंडळींना ते रुचले नाही. फाब्र यांच्यावर टीकेची झोड उठली आणि घरमालकिणींनी त्यांना महिनाभरात घर सोडण्यास सांगितले. त्या वेळी आव्हिन्याँत राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले, म्हणून या कुटुंबाला ओराँज येथे बिऱ्हाड हलवता आले. फाब्र यांनी पुढे ही रक्कम फेडली. ती त्यांनी शालेय पुस्तके लिहून मिळवली होती.

1877 मध्ये त्यांचा मुलगा झ्यूल सोळाव्या वर्षी मरण पावला. फुलाकिड्यांच्या शोधात तो वडिलांचा सोबती होता. ज्या काही गांधीलमाश्या नव्याने आढळल्या, त्यांना फाब्र यांनी या मुलाचे नाव दिले.

अखेर 1879 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी सेरिन्याँजवळ सुमारे हेक्टरभर जमीन आणि एक घर विकत घेतले. प्रोव्हान्सच्या बोलीभाषेत अशा खडकाळ, पडीक, काटेरी जमिनीला हार्मास म्हणतात. नांगराला नकोशी झालेली ही जमीन गांधीलमाश्यांना, भुंग्यांना आणि कोळ्यांना मात्र हवीहवीशी होती. भोवती भिंत होती आणि आत कोणी हटकणारे नव्हते. त्याच वर्षी त्यांच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दहावा खंड 1907 मध्ये निघाला. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांवरील प्रकरणे या मालेच्या आठव्या आणि नवव्या खंडांत आहेत, म्हणजे ती त्यांच्या उतारवयातील आहेत.

कोळी हा कीटक नव्हे. त्याला सहा नव्हे, आठ पाय असतात. ही बाब फाब्र यांना ठाऊक होती, पण वर्गीकरणाच्या कुंपणाची त्यांनी फारशी पर्वा केली नाही. त्यांच्यापुढे अडचण निराळीच होती. बिळात राहणारा कोळी वाळूच्या भांड्यात सुखाने नांदतो. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्याचे तसे नाही. त्याला दोन झुडपांमधले मोकळे अंतर हवे, दोर बांधायला दूरवरच्या काड्या हव्यात. त्याला लहान पेटीत कोंडावे, तर तो जगेल, पण ज्यासाठी त्याला आणले ते जाळे पाहायला मिळणे कठीण. फाब्र यांनी यावर साधा तोडगा काढला. अंडी घालणे जवळून पाहायचे असेल तेव्हा मादीला घुमटाखाली ठेवायचे. जाळे आणि शिकार पाहायची असेल तेव्हा आपणच बागेत तिच्या दारी जायचे.

घुमटाखालच्या मादीने ऑगस्टच्या मध्यास काम आरंभले. जाळीच्या माथ्याशी तिने काही धागे ताणले. रानात गवताच्या काड्यांनी जो आधार दिला असता, तो तिने तारांकडून घेतला. मग पाठमोरी राहून, आपण काय करतो आहोत हे न पाहताच, तिने कबुतराच्या अंड्याएवढी पिशवी विणली. बाहेर पांढरे चिवट कापड, आत तांबूस कापसासारखे अस्तर, मध्ये लहान कोशात नारिंगी-पिवळ्या मोत्यांसारखी सुमारे पाचशे अंडी आणि तोंडापाशी काळसर नक्षी. एकाच देहातून इतक्या रंगांचे आणि इतक्या प्रतींचे रेशीम निघत होते. काम पुरे होताच ती निघून गेली आणि पिशवीकडे तिने पुन्हा ढुंकूनही पाहिले नाही.

बागेतील निरीक्षणे अधिक रंजक होती. घरासमोरील झाडांत दुसऱ्या जातीची एक लठ्ठ मादी राहत असे. उन्हाळ्यात दररोज अंधार पडू लागला, की ती जाळे विणायला घेई आणि घरातील लहानथोर मंडळी कंदील घेऊन ते पाहायला जमत. एकदा गावच्या उत्सवात तिथून जवळच आतषबाजी झाली. बाण सुटले, प्रकाश पसरला, तरी तिचे विणकाम क्षणभरही थांबले नाही. फाब्र यांनी निरनिराळ्या जातींच्या जाळ्यांतील आरे मोजले, तेव्हा हिच्या जाळ्यात 21, पट्टेवाल्या जातीच्या जाळ्यात 32 आणि आणखी एका जातीच्या जाळ्यात 42 आरे भरले. एका रात्रीत ही मादी सुमारे वीस मीटर चिकट धागा काढते आणि जवळजवळ रोज नवे जाळे विणते. त्या हिशेबाने दोन महिन्यांत एक किलोमीटरहून अधिक धागा होतो. गणिताच्या शिक्षकाची सवय येथे उपयोगी पडली.

अन्न भरवतानाही ते प्रश्न विचारीत. जाळ्याच्या मध्यावर बसलेल्या मादीजवळ त्यांनी मेलेला नाकतोडा ठेवला. ती जागची हलली नाही. गवताच्या काडीने जाळे थरथरवताच मात्र ती धावत आली. मग नाकतोड्याऐवजी लाल लोकरीची गुंडाळी ठेवून तीच थरथर दिली, तेव्हाही ती आली. चूक कळल्यावर तिने ती गुंडाळी फेकून दिली. डोळे आठ असूनही तिला खबर देते ती थरथर, हे यातून उघड झाले. काही माद्या दिवसा पानांच्या आडोशाला दडून बसतात. त्यांच्या आडोशापासून जाळ्याच्या केंद्रापर्यंत एक धागा गेलेला असतो. हा धागा फाब्र यांनी कात्रीने तोडला आणि जाळ्यात जिवंत नाकतोडा सोडला. तो धडपडत राहिला, पण मालकिणीला पत्ताच लागला नाही. गंमत अशी, की वाऱ्याने जाळे हलले तर ती बाहेर येत नाही. वाऱ्याची थरथर आणि शिकारीची थरथर यांतला फरक तिला समजतो.

नाकतोडा देणे सोपे होते. प्रार्थनाकीटकासारखा दांडगा आणि काटेरी हातांचा पाहुणा दिला, तर काय होईल? मादी त्याला थेट भिडली नाही. पाठ फिरवून तिने मागच्या पायांनी रेशमाचे थरावर थर त्याच्यावर फेकले. तो गुरफटून निश्चल झाला, तेव्हाच ती जवळ गेली.

आपल्याच चिकट धाग्यांना कोळी का चिकटत नाही, याचेही उत्तर त्यांनी प्रयोगानेच शोधले. कोळ्याचा एक पाय तेल विरघळवणाऱ्या द्रवात बुडवून आणि धुऊन त्यांनी धाग्याला लावला, तर तो चिकटला. पायांवर कसला तरी तेलकट लेप असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांवरील केसांची रचना, पाय अलगद काढून घेण्याची रीत आणि चिकटणे कमी करणारा लेप या तीन गोष्टी एकत्र काम करतात, असे दिसून आले. म्हणजे फाब्र यांचे उत्तर अपुरे होते, चुकीचे नव्हते. मात्र त्या प्रयोगासाठी जिवंत कोळ्याचा पाय तोडावा लागला, हेही विसरता येत नाही. जिवंत प्राण्यांच्या अभ्यासाचा कैवार घेणाऱ्या या माणसाचे हात नेहमीच हळुवार होते असे नाही.

त्यांच्या मतांनाही मर्यादा होत्या. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या ग्रंथांत त्यांच्या निरीक्षणांचा गौरवाने उल्लेख केला. दोघांत पत्रव्यवहारही झाला. तथापि फाब्र यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त कधीच मान्य केला नाही. सहजप्रेरणा जशी आहे तशीच पहिल्यापासून परिपूर्ण असते, असे ते अखेरपर्यंत मानत राहिले. येथे काळाने डार्विन यांच्या बाजूने कौल दिला आहे.

घुमटाने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, याचा त्यांच्याइतका प्रामाणिक हिशेब थोड्यांनीच ठेवला असेल. पट्टेवाल्या मादीच्या पिशव्या त्यांनी घरात जपून ठेवल्या होत्या. आत पिले तयार झाली, पण बहुतेक पिशव्या उघडल्याच नाहीत. पिलांना ते चिवट कापड फाडता येत नव्हते. बाहेर झुडपांवर लटकलेल्या पिशव्या उन्हाळ्यातील कडक उन्हाने तापून आपोआप फुटत होत्या आणि पिले बाहेर पडत होती. अभ्यासिकेतील सावलीत सुरक्षिततेची सर्व सोय होती, ऊन तेवढे नव्हते. तेव्हा फाब्र यांना स्वतः पिशवी उघडून पिलांची सुटका करावी लागे.

ही प्रकरणे लिहिली जात असताना त्यांना बाहेरच्या जगात फारसे कोणी ओळखत नव्हते. 1910 मध्ये सेरिन्याँ येथे त्यांचा मोठा सत्कार झाला आणि ते एकाएकी प्रसिद्ध झाले. 1913 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोआँकारे त्यांना भेटून गेले. तोवर दृष्टी अधू झाली होती आणि चालणे अवघड झाले होते. 11 ऑक्टोबर 1915 रोजी, महायुद्ध चालू असताना, त्यांचे हार्मासमध्येच निधन झाले. ते घर आणि ती बाग आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली आहे. ज्यावर दहा खंडांतील पुष्कळसा मजकूर लिहिला गेला, ते लहानसे लाकडी टेबलही तेथे आहे.