तालिकेला गणिताची शिस्त लावणारे डॉ. रंगनाथन

मद्रास विद्यापीठाने आपले पहिले ग्रंथपाल म्हणून शियाळी रामामृत रंगनाथन यांची नेमणूक केली ती जानेवारी १९२४ मध्ये. आणि थोड्याच दिवसांत ते त्या पदाला कंटाळले. विद्यार्थ्यांच्या मेळ्यात रमणारा हा गणिताचा अध्यापक. ग्रंथालयातील एकांत त्यांना असह्य झाला. आपणांस परत घ्यावे, अशी विनवणी त्यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे केली. प्राचार्यांनी तोड काढली ती अशी की, ग्रंथपालनाच्या शिक्षणासाठी एकदा इंग्लंडला जाऊन यावे. तरीही मन रमले नाही तर अध्यापकाची जागा आहेच. ही तोड निघाली नसती, तर भारतातील ग्रंथालयांचा इतिहास फार वेगळा लिहावा लागला असता.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. सहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. बोलण्यात तोतरेपणा होता, तरी त्यांनी पेशा पत्करला तो बोलण्याचाच! मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयातून गणिताची एम. ए. पदवी घेऊन ते १९१७ साली मंगळूरच्या शासकीय महाविद्यालयात रुजू झाले. म्हणजे त्यांच्या अध्यापनाचा आरंभ आजच्या कर्नाटकातच झाला.

लंडनमध्ये त्यांनी बर्विक सेयर्स यांच्यापाशी वर्गीकरणाचे धडे घेतले आणि तेथील अनेक ग्रंथालये पायांखाली घातली. प्रचलित दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाचे घर आधीच ठरलेले असे. नवा किंवा संमिश्र विषय आला की त्याला कोठे तरी दाटीवाटीने बसवावे लागे. रंगनाथनांच्या गणिती बुद्धीला हे खटकले. एकदा एका दुकानात त्यांनी पट्ट्या, चाके व स्क्रू जोडून निरनिराळी खेळणी करण्याचा संच पाहिला आणि त्यांना उलगडा झाला. विषयही असाच घटकांतून जोडता येईल, आणि जोडणीसाठी द्विबिंदूचे चिन्ह पुरेल. जुलै १९२५ मध्ये ते मायदेशी परतले. त्या जलप्रवासात बोटीवरील पुस्तकांवरच त्यांनी या पद्धतीचा पहिला प्रयोग केला. अध्यापकाच्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही.

मद्रासला आल्यावर त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली आणि ग्रंथांचे वर्गीकरण व तालिका नव्याने उभारावयास घेतली. ग्रंथालय चालू ठेवून त्याची तालिका बदलणे हे किती जिकिरीचे काम आहे, हे ज्याने महाविद्यालयातील पत्रपेट्या हाताळल्या आहेत त्यालाच कळेल. वाचक काही थांबत नाही, आणि जुने व नवे क्रमांक एकमेकांत मिसळले तर हाती असलेला ग्रंथही हरवल्यात जमा होतो.

१९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तालिकेची नियमावली. त्यांची खरी करामत नंतरच्या साखळी पद्धतीत दिसते. समजा, भारतातील क्षयरोगाच्या उपचारांवर एक ग्रंथ आहे. त्याच्या वर्गांकात वैद्यक, क्षय, उपचार व भारत हे दुवे एकापुढे एक येतात. रंगनाथन साखळीच्या शेवटच्या दुव्यापासून मागे येत आणि एकेका दुव्याखाली निर्देशपत्र तयार करीत. त्यामुळे वाचक ‘उपचार’ हा शब्द घेऊन आला काय किंवा ‘क्षय’ घेऊन आला काय, तो योग्य कपाटापाशीच पोहोचे. निर्देशपत्रे करणाऱ्याच्या लहरीवर काही सोडावयाचे नाही, हा त्यातला मुख्य हेतू.

या कामाची किंमत घरानेही मोजली. १९२८ मध्ये पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढील वर्षी शारदा यांच्याशी विवाह झाला. विवाहाच्या दिवशीही ते ग्रंथालयात हजर होते, असे सांगतात. ही निष्ठा थोर खरीच. घरच्यांना ती कशी वाटली असेल, हा प्रश्न मात्र मनात येतोच. ग्रंथालयशास्त्राची सुप्रसिद्ध पाच सूत्रे त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. १९४५ मध्ये मद्रास सोडून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण व तालिकीकरण त्यांनी बहुतांशी एकहाती केले, अशी ख्याती आहे. त्यानंतर दिल्ली, झुरिक आणि अखेर बंगलोर.

आपल्या साऱ्या आयुष्याची पुंजी, एक लाख रुपये, त्यांनी मद्रास विद्यापीठात पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी दिली. बंगलोरला १९६२ मध्ये प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. म्हैसूर राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ सालचा. त्यामागे त्यांचाच विचार होता. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १९५६ मध्येच त्या राज्यात आले असल्याने कमठाण्यासारखी गावेही या कायद्याच्या कक्षेत आली.

त्यांची पद्धती मात्र सर्वत्र रुजली नाही, हे मान्य करावयास हवे. तिची चिन्हे क्लिष्ट होती आणि आवृत्तीगणिक नियम बदलत. पुष्कळशा महाविद्यालयांनी दशांश पद्धतीच जवळ केली. परंतु विषयाचे घटक सुटे करण्याचा त्यांचा विचार लंडनमधील वर्गीकरण संशोधकांनी १९५२ नंतर उचलून धरला. आज संगणकावरील तालिकेत विषय, स्थळ, काळ, भाषा अशा एकेका चाळणीतून ग्रंथ शोधता येतो, त्यात या विचाराचीच छाया दिसते.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोर येथे रंगनाथन यांचे निधन झाले. अखेरच्या काळात ते द्विबिंदू पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत गुंतले होते. ती प्रसिद्ध झाली १९८७ मध्ये, त्यांच्या मागे पंधरा वर्षांनी.