फेपऱ्याचें मूळ शोधणारे सर व्हिक्टर हॉर्स्ले

नागपूर व आसपासच्या खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत फेपऱ्याचे, म्हणजे ज्यास इकडे मिरगी म्हणतात त्या रोगाचे, दुखणेकरी थोडे नाहींत. झटका आला म्हणजे कोणी रोग्याच्या नाकाशीं जोडा किंवा कांदा धरतो, कोणी त्याच्या मुठींत लोखंड देतो, आणि झटका ओसरल्यावर आप्तजन त्याला भगताकडे नेतात. ख्रिस्ती घरांतही असें घडतें, मात्र गुपचूप घडतें. रोगी मुलगी असली तर तिचें लग्न जुळणार नाहीं या भयानें आईबाप दवाखान्याचीही पायरी चढत नाहींत. अशा घरांनीं व त्यांस भेटावयास जाणाऱ्या उपदेशकांनीं लंडनचे शस्त्रवैद्य सर व्हिक्टर हॉर्स्ले यांचें चरित्र जाणून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

हॉर्स्ले यांचा जन्म ता. १४ एप्रिल १८५७ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ले हे नामांकित चित्रकार होते. नाताळांत आपण एकमेकांस जीं शुभेच्छापत्रें पाठवितों, त्यांपैकीं छापून विकलेलें पहिलें पत्र १८४३ सालीं यांनींच चितारलें. त्या चित्रांत एक कुटुंब मद्याचे पेले घेऊन बसलें होतें व एका लहान मुलासही पेला पाजला जात होता, म्हणून मद्यपाननिषेधाच्या कैवाऱ्यांनीं त्यास नांवें ठेविलीं. पुढें याच चित्रकाराचा पुत्र दारूचा कट्टर वैरी झाला, आणि दारूनें शरीराची व मेंदूची कशी हानि होते हें दाखविणारें पुस्तक त्यानें १९०७ सालीं एका विदुषी डॉक्टरीणबाईंच्या साह्यानें प्रसिद्ध केलें.

हॉर्स्ले वैद्यकी शिकले त्या काळीं फेपऱ्याच्या रोग्यांस आशा फारशी नव्हती. पोटॅशियम ब्रोमाइड नांवाच्या क्षारानें कांहींचे झटके कमी होत, पण बाकीच्यांचें आयुष्य घराच्या कोपऱ्यांत किंवा वेड्यांच्या इस्पितळांत जाई. तथापि लंडनांतील क्वीन स्क्वेअर येथें अर्धांगवायूच्या व फेपऱ्याच्या रोग्यांसाठीं एक रुग्णालय १८६० सालीं उघडलें होतें. तेथील वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन हे रोग्यांच्या शेजारीं बसून झटका कोठून सुरू होतो तें टिपून ठेवीत. एखाद्याचा आंगठा प्रथम थरथरूं लागे, मग हात, मग तोंड, मग सर्व शरीर. त्यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं, आंगठा हालविणारी मेंदूंत एक ठराविक जागा आहे व रोगाचें मूळ तेथें आहे. डेव्हिड फेरियर यांनीं प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांनीं या अनुमानास बळकटी आली.

१८८६ सालीं हॉर्स्ले या रुग्णालयाचे शस्त्रवैद्य नेमले गेले. त्याच वर्षीं ता. २५ मे रोजीं त्यांनीं बावीस वर्षांच्या एका स्कॉच तरुणावर शस्त्रक्रिया केली. हा लहानपणीं गाडीखालीं सांपडला होता व त्याची कवटी एका ठिकाणीं दबली होती. रुग्णालयांत आल्यावर अवघ्या पंधरवड्यांत त्यास दोन हजारांवर झटके आले. हॉर्स्ले यांनीं कवटी उघडली, मेंदूवरील जुना व्रण शोधून कापून काढला, आणि पुढें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें त्याचे झटके थांबले. पुढें त्यांनीं मेंदूवर शस्त्रक्रिया केलेल्या दहा रोग्यांचा वृत्तांत दिला, त्यांतील एक दगावला. हें त्यांनीं लपविलें नाहीं.

पुढल्या वर्षीं, म्हणजे १८८७ च्या जून महिन्यांत, ज्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते व ज्यास असह्य वेदना होत्या असा एक गृहस्थ त्यांच्याकडे आला. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर गांठ दाबत आहे असा वैद्यांचा तर्क होता. अपेक्षिलेल्या जागीं गांठ दिसेना, तेव्हां हॉर्स्ले यांनीं आणखी वरचें हाड काढलें, आणि गांठ तेथें सांपडली. तो गृहस्थ पुन्हां चालूं लागला व आपल्या कामावर गेला. हाडांतून होणारा रक्तस्राव थांबविण्यासाठीं मधमाशांचें मेण व बदामाचें तेल यांचें मिश्रण त्यांनीं १८९२ सालीं जाहीर केलें. त्याच धर्तीचें मेण आजही शस्त्रवैद्य वापरतात. पिसाळलेल्या कुत्र्याचें विष मेंदूसच मारतें. त्यावरील पाश्चर यांच्या उपायाची परीक्षा घेणाऱ्या सरकारी मंडळाचे चिटणीसही हॉर्स्ले हेच होते.

१९०२ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. पण त्यांचा अंत मानसन्मानांत झाला नाहीं. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, ते मेसापोटेमियांत गेले. त्याच प्रांतीं सहावी पुणें डिव्हिजन, जींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, ता. २९ एप्रिल रोजीं कुत येथें शरण गेली होती. जखमी व आजारी शिपायांची औषधांवांचून, बर्फावांचून व नावांवांचून होत असलेली आबाळ पाहून हॉर्स्ले यांनीं वरिष्ठांशीं भांडण मांडलें. ऊन दारू पिणाऱ्यांसच बाधतें, निर्व्यसनी मनुष्यास नाहीं, असा त्यांचा ग्रह होता व ते भर उन्हांत पायीं फिरत. ता. १६ जुलै १९१६ रोजीं अमारा येथें उष्माघातानेंच ते वारले. तेव्हां त्यांचें वय ५९ वर्षांचें होतें.

या मृत्यूचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. दारूचा थेंबही न घेणारा पुरुष उन्हानें पडला, तेव्हां सदाचार हें रोगावरचें कवच नव्हे. तसेंच, ज्याच्या घरीं फेपरें आलें त्यानें पाप केलें असेंही नव्हे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं विचारलेला प्रश्न व प्रभूचें उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायांत आहे. उपदेशकांनीं तें अशा घरीं वाचून दाखवावें. शुभवर्तमानांतील त्या मुलाचें काय, ज्यास भूत आगींत व पाण्यांत पाडीत असे, असें कोणी विचारील. त्यानें मत्तयाचा चौथा अध्याय पाहावा. तेथें भूतग्रस्त, फेपरेकरी व पक्षघाती हे निरनिराळे गणले आहेत. प्रत्येक फेपरेकऱ्यास भूत लागलें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? लूक तर स्वतः वैद्य होता.

हॉर्स्ले यांच्यानंतर उपाय पुष्कळ वाढले. १९१२ सालीं फेनोबार्बिटल व १९३८ सालीं फेनिटॉइन हीं औषधें वापरांत आलीं, व त्यानंतर आणखीही निघालीं. आज योग्य औषधांनीं दहांपैकीं सुमारें सात रोग्यांचे झटके थांबूं शकतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. आपल्या देशांत पट्टकृमीचीं अंडीं न धुतलेल्या भाजींतून किंवा मळक्या हातांनीं पोटांत जाऊन मेंदूंत गांठी होतात, हें फेपऱ्याचें एक मोठें कारण आहे. तें साबणपाण्यानें टळतें, अंगाऱ्यानें टळत नाहीं.

म्हणून झटका आला असतां रोग्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें. सुरू केलेलें औषध डॉक्टरांच्या सांगण्यावांचून सोडूं नये. नागपुरास १९४७ सालीं स्थापन झालेलें सरकारी मेडिकल कॉलेज व त्याचें रुग्णालय आहे. तेथें रोग्यास घेऊन जाण्यांत विश्वासाची उणीव नाहीं. उपदेशकानें घरीं प्रार्थना करावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या मोटारीनें रोग्याबरोबर स्वतः जावें, अशी आमची विनंति आहे.